सहावी कुंडी

११ मार्च १९७३, पहाटे पाच वाजून वीस मिनिटे.

तांडेलकाका, तुमच्या जाण्याची तारीख आणि वेळ इथल्या मराठी मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहिलेली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने ती वाचली. मी वर लिहिलेली वेळ मात्र कोणीही वाचलेली नाही. ती फक्त आपल्या दोघांना ठाऊक होती. नऊ दिवसांपासून ती ठाऊक असणारी मी एकटीच आहे, आणि हे एकटेपण मला सोयीचे आहे, हे लक्षात आल्यावर मला स्वतःची किळस आली.

काल मंडळाच्या सभागृहात तुमची शोकसभा झाली. मी चार मिनिटे बोलले. तुम्ही आमच्या मत्स्यसंशोधन केंद्रातले सर्वांत अनुभवी साहाय्यक होतात, मालवणच्या खाडीपासून हुगळीच्या मुखापर्यंतचे पाणी तुम्ही बोटांनी ओळखत होतात, असे मी म्हणाले. वाक्ये नीट बांधलेली होती. माझ्यानंतर बोललेल्या गृहस्थांनी मोठ्या मनाने सांगितले, की नोकरीच्या शेवटी तुमच्या हातून मोजणीत एक चूक झाली खरी, पण तेवढ्यावरून माणसाचे मोल करू नये. सभागृहात माना डोलल्या. माझीही डोलली.

चहाच्या वेळी काकूंनी मला जिन्यापाशी गाठले.

"एक विचारू का गं? त्यांच्या हातून खरंच मातीच्या पाट्या जास्त पडल्या होत्या?"

मी कप जिन्याच्या कठड्यावर ठेवला.

"नाही, म्हणजे आमटीत मीठ घालायचं तर हे चिमटी उजेडात धरून बघायचे. मी म्हणायची, अहो, मीठ आहे, हिरे नाहीत. अशा माणसाची मोजणी चुकली, हे मला दोन वर्षं झाली तरी पटत नाही. त्यांना विचारलं तर म्हणायचे, जाऊ दे. तू तर तिथंच होतीस."

"काकू, मी त्या दिवशी लवकर निघाले होते," असे मी म्हणाले. हे खरे होते. खऱ्या वाक्याने खोटे उत्तर देता येते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले, असे लिहिण्याचा मोह होतो आहे. पण ते मला त्याआधीही येत होते.

मी केंद्रात रुजू झाले तेव्हा तेवीस वर्षांची होते, कलकत्त्याच्या बालीगंजमध्ये मराठी घरात जन्मलेली, रसायनशास्त्रात पहिली आलेली आणि तीन वर्षांत डॉक्टरेट करून परदेशी जायचे हे ठरवूनच आलेली. मराठी बोलणारे केंद्रात आपण दोघेच. पहिल्या आठवड्यात मी तुम्हाला म्हटले, "काका, मी जरा पाणी खाऊन येते."

तुम्ही हातातली बाटली खाली ठेवलीत. "पाणी खातेस? चावून की नुसतं गिळून?"

मी चिडले. इकडे बंगालीत सगळे तसेच म्हणतात, जन्मभर तेच कानांवर पडलेले. तुम्ही मात्र त्या दिवसापासून मला मराठी शिकवायला घेतलेत, आणि तेही पुस्तकी नव्हे. तुमच्या मराठीत गाळ वेगळा, चिखल वेगळा आणि राड वेगळी होती. लोक ज्याला भेटकी म्हणत त्या माशाला तुम्ही 'आपला जिताडा' म्हणत आलात, जणू तोही बदली होऊन कलकत्त्याला आला होता. बजबजच्या पुढे, लोकल संपल्यावर बसने दोन तास गेले की भरतीचे खारे पाणी बांधाने अडवून मासे वाढवण्याची तळी लागतात. इकडे त्यांना भेडी म्हणतात. तुम्ही पहिली भेडी पाहिलीत आणि कमरेवर हात ठेवून म्हणालात, "नाव काहीही ठेवा. हे आमचं खाजण." बांधातून पाणी आत-बाहेर करणाऱ्या फळ्यांच्या दाराला तुम्ही उघाडी म्हणत होतात. मी ते शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवत असे. आज ही वाक्ये मला लिहिता येतात, त्यांत तुमचा वाटा किती, हे मी कोणत्याही तक्त्यात दाखवलेले नाही.

दाखवायला हवे होते ते आणखीही होते.

उन्हाळा लागला की त्या भेड्यांमध्ये सूक्ष्म शेवाळ माजत असे. पाणी तांबूस होई, त्यावर साय धरे, आणि पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडत. माझ्या प्रबंधाचा विषय तोच होता. इंग्रजीत त्याला फुलण्याचा शब्द आहे, म्हणून मी मराठीत 'शेवाळाचा बहर' म्हणाले, तर तुम्ही ऐकून घेईनात. "बहर आंब्याला येतो, बाय. याला माज म्हण." चौघांत तुम्ही मला मॅडम म्हणत होतात, आणि कोणी नसले की बाय.

त्या माजावर उपाय सापडत नव्हता. मोरचूद वापरून पाहिले, तर शेवाळाबरोबर कोळंबीही मेली. मग १९७२ चा भाद्रपद आला. तुमचा दीड दिवसाचा गणपती गंगेच्या चिकणमातीचा असे, वीतभर उंच, तुम्ही स्वतःच घडवलेला. त्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी शहर बंद होते. ट्राम नाही, बस नाही, घाटापर्यंत जायची सोय नाही. तुम्ही राहत होतात केंद्राच्या आवारात. तुम्ही गणपती उचललात आणि माझ्या प्रयोगाच्या खाऱ्या टाकीत विसर्जित केलात.

दुसऱ्या दिवशी मी किती बोलले! "काका, त्या टाकीत माझं चार महिन्यांचं शेवाळ होतं. देव बुडवायला तुम्हाला दुसरी जागा मिळाली नाही?"

"गोड्या पाण्यात कसा सोडू? कोकणातला देव. त्याला खाऱ्याची सवय."

"हा विनोद नाही."

"मग टाकीत बघ तरी एकदा. बोलतेस काय नुसती?"

मी पाहिले. शेजारच्या पाचही टाक्या तांबड्या होत्या. त्या एका टाकीचा तळ दिसत होता. तळाशी विरघळलेल्या मातीचा थर होता आणि त्या थरात माझे सगळे शेवाळ बसलेले होते. खाऱ्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना चिकटतात आणि जड होऊन बुडताना वाटेतल्या शेवाळाला बरोबर नेतात. हे स्पष्टीकरण माझे. पाहणे तुमचे होते. बालपणी खाडीत विसर्जन झाले की दुसऱ्या दिवशी तेवढ्या जागेचे पाणी निवळलेले दिसे, हेही तुम्ही मला त्याच सकाळी सांगितले होतेत. माझ्या निबंधात मात्र वाक्य आहे: 'लेखिकेला योगायोगाने असे आढळून आले.' मसुदा तुम्हाला वाचून दाखवताना मी त्या वाक्याचे भाषांतर केले नाही. तुम्हाला इंग्रजी चांगले वाचता येत होते, हे मला पुढे कळले.

हिवाळाभर आपण मातीमागे होतो. नदीकाठची चिकणमाती वाळवायची, कुटायची, फडक्याने गाळायची, खाऱ्या पाण्यात कालवायची आणि झारीने शिंपडायची. किती माती पुरेल यावर आपण रोज भांडत होतो. मला प्रमाण पाहिजे होते. तुम्हाला माजाची जात, वारा, भरतीची वेळ, सगळेच पाहिजे होते. एकदा तुम्ही म्हणालात, "माती घाण खाली नेते, बाय. नाहीशी नाही करत." मी उत्तर दिले, की मला वरचे पाणी स्वच्छ हवे आहे, तळाशी काय होते हा वेगळा प्रबंध होईल. त्या उत्तराचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

शेवटच्या चाचणीसाठी सिमेंटच्या सहा कुंड्या मांडल्या. सहाही अगदी सारख्या असाव्यात म्हणून तळाला धुतलेली वाळू घालण्याची सूचना मी लिहून दिली होती. माती शिंपडली. दुपारी सहाही कुंड्यांचे पाणी निवळले. नियमाप्रमाणे दुसऱ्या पहाटे, सूर्य उगवण्याआधी, तळाच्या पाण्यातला प्राणवायू मोजायचा होता. तुम्ही दोरीने बाटली तळाशी सोडत होतात, बूच ओढत होतात आणि भरलेली बाटली माझ्या हातात देत होतात. पाच बाटल्यांचे आकडे जवळजवळ सारखे आले. सहाव्या बाटलीत मी द्रावणाचे पहिले दोन थेंब सोडले आणि निळा रंग लगेच उडाला; प्राणवायू जितका कमी, तितका तो लवकर उडतो. मासा जगणार नाही, असा आकडा होता. तेव्हा पाच वाजून वीस मिनिटे झाली होती.

"बाटलीत काही तरी चुकलंय," मी म्हणाले.

"बाटलीत नाही," तुम्ही म्हणालात. "या कुंडीत मी वाळू घातली नाही. नस्करबाबूंच्या भेडीचा गाळ घातलाय."

नस्करबाबू म्हणजे ज्यांच्या भेडीवर ती माती पुढे पडायची होती ते. तुम्ही तो गाळ पत्र्याच्या डब्यातून बजबज लोकलने आणला होतात. वासामुळे बाकावर शेजारी कोणी बसले नाही आणि तुम्हाला आडवे होऊन झोपता आले, हेही तुम्ही हसत सांगितले होतेत. मी हसले नाही. म्हणाले, "माझ्या प्रयोगात तुमचा घरचा कारभार चालणार नाही. तुम्ही माझी एक कुंडी वाया घालवलीत."

"खाली बसलेला माज गाळात कुजतो नि रात्रभर पाण्यातली हवा खातो. भेडीच्या तळाला वाळू धुऊन कोण घालतं, बाय?"

माझ्या हातात पेन होते. मी त्या आकड्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिले: 'दूषित, वगळावे.' तक्ता पाच कुंड्यांचा झाला. शिष्यवृत्तीचा अर्ज पंधरा दिवसांत पाठवायचा होता आणि पाच कुंड्यांचा तक्ता फार सुंदर दिसत होता.

त्याच महिन्याच्या शेवटी आपण नस्करबाबूंच्या भेडीवर गेलो. तुम्ही नावेत उभे राहून पाट्या रिकाम्या करत होतात आणि प्रत्येक पाटीमागे फळीवर खडूची एक रेघ ओढत होतात. काठावरून मी वहीत तेच मांडत होते. चाळीस ठरल्या होत्या, चाळीस पडल्या. दुपारपर्यंत पाण्याचा तांबडेपणा गेला. नस्करबाबू बांधावरून ओरडले, "दीदीमणी, जोल तो आयना!" पाणी खरोखरच आरशासारखे झाले होते. त्यांनी मिठाई म्हणून सर्वांना संदेश वाटले. मी भेडीचा फोटो घेतला.

तुम्ही संदेश हातातच ठेवलात आणि मला बाजूला बोलावलेत. "संध्याकाळी उघाडी काढू या. ओहोटीला तळचं पाणी बाहेर जाऊ दे, भरतीला नवं आत घेऊ."

"नव्या पाण्यानं माझी मोजमापं बिघडतील."

"आणि मासे?"

"पाच कुंड्यांत काही झालं नाही, काका."

"सहा होत्या," तुम्ही म्हणालात.

मी चारच्या बसने निघाले. घरी जाऊन अहवाल लिहायचा होता. पहाटेचा प्राणवायू तुम्ही मोजाल असे ठरले. तुम्ही मोजलात की नाही, मला ठाऊक नाही. मोजण्याची गरज उरली नसेल. सूर्य उगवेपर्यंत जिताडे पोट वर करून बांधाला लागले होते. तुम्ही कोणाला न विचारता उघाडीच्या फळ्या उपसल्यात आणि निम्मी भेडी वाचवलीत, हे नस्करबाबूंनी मला सांगितले. तुम्ही कधीच नाही.

चौकशी संचालकसाहेबांच्या खोलीत झाली. साहेब, नस्करबाबू, तुम्ही आणि मी. माझ्या मांडीवर ती वही होती. त्यात माझ्याच अक्षरात चाळीस पाट्या होत्या आणि बारा पाने मागे रेघ मारलेला तो आकडा होता. साहेबांनी विचारले, प्रमाण बरोबर होते तर असे का झाले? मी घसा साफ केला. मी काय बोलणार होते, हे मला आजही सांगता येत नाही. माझ्याआधी तुम्ही बोललात. हिंदीत बोललात, म्हणजे सगळ्यांना समजावे.

"साहब, गिनती मेरी थी. दस टोकरी ज़्यादा गिर गयी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "मिस, तुमच्या नोंदीत काय आहे?"

"नोंदी मला तपासाव्या लागतील," असे मी म्हणाले. वही मांडीवर होती. तिच्यावर माझे दोन्ही हात होते.

तुमची प्रयोगशाळेतून भांडारात रवानगी झाली. मला डॉक्टरेट मिळाली. प्रबंधात तळटीप आहे: 'क्षेत्रीय चाचणीतील अपयश हे माती टाकताना झालेल्या मानवी चुकीमुळे आहे.' ती टीप मी तीनदा लिहून सुधारली होती. पहिल्या मसुद्यात 'साहाय्यकाच्या चुकीमुळे' होते. 'मानवी' हा शब्द घातल्यावर मी उदार झाले, असे मला वाटले होते.

भांडारात मी एकदाच आले, काचेच्या नळ्या घ्यायला. तुम्ही नळ्या मोजून दिल्यात, दोनदा मोजून. मग रजिस्टर माझ्याकडे सरकवताना विचारलेत, "सहावी कुंडी परत मांडलीस का?"

"वेळ मिळाला नाही."

"मांड. थोडी माती घाल, अर्ध्याच तळ्यावर घाल, उघाडी चालू ठेव. जमेल ते. माती वाईट नाही, बाय."

मी सही केली आणि निघाले. तुमच्याशी झालेले माझे ते शेवटचे नीट बोलणे.

दोन वर्षे मी असे मानत आले, की तुम्ही तो आरोप माझ्यावरच्या मायेपोटी अंगावर घेतलात. हे मानणे सोपे आहे, कारण मायेची परतफेड कोणी मागत नाही. पण या नऊ दिवसांत मी ती खोली पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणली आणि मला दुसरे एक कारण अधिक संभवनीय वाटू लागले. पद्धत चुकली असे ठरले असते, तर मातीचे काम तेथेच बंद पडले असते. माणूस चुकला असे ठरले, तर माणूस बदलून काम पुढे चालू शकत होते. तुम्ही बहुधा मातीला वाचवलेत. त्या टाकीत बुडालेल्या तुमच्या गणपतीचे काम पुढे जावे म्हणून तुम्ही स्वतःला मध्ये टाकलेत, आणि पुढे नेण्याचा भार माझ्यावर सोडलात. मी तेही केले नाही. सहावी कुंडी पुन्हा मांडली असती तर पहिली रेघ का मारली, हे सांगावे लागले असते. म्हणून मी विषयच बदलला. आज आमच्या केंद्रात मातीचे नाव कोणी काढत नाही.

माझ्या या तर्काची शहानिशा आता होणार नाही. विचारायचे होते ते विचारले नाही, आणि तुम्ही न बोलण्यात माझ्यापेक्षा पक्के होतात. तुमचे मौन आणि माझे मौन यांना मी बराच काळ एकाच रकान्यात मांडत होते. ते आता थांबवते.

आज सकाळी मी तुमच्या घरी गेले. काकू भाजी निवडत होत्या. मी वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली आणि चाळीस पाट्यांचे पान दाखवले, मग रेघ मारलेले पान. जे झाले ते सगळे सांगितले, गणपतीपासून. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी त्या चाळीस रेघांवरून बोट फिरवून त्यांनी त्या स्वतः मोजल्या. पाच, दहा, पंधरा. चाळीस झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे बरोबर होतं त्यांचं."

"हो."

"मग सभेत का नाही बोललीस?"

मी म्हणाले, "घाबरले होते."

"ते घाबरले नव्हते?" एवढेच बोलून त्यांनी भाजीची परात उचलली आणि आत गेल्या. चहा विचारला नाही. त्या घरात मला चहा न विचारला जाण्याची ही पहिलीच वेळ, आणि ती योग्य होती.

संचालकसाहेबांना आणि विद्यापीठाला पत्रे लिहून झाली आहेत. चाळीस पाट्या, पाच कुंड्यांचा तक्ता, 'लेखिकेला आढळून आले' हे वाक्य आणि तळटीप, चारही गोष्टींची दुरुस्ती त्यांत आहे. पदवीचे काय व्हायचे ते होईल. सप्टेंबरमध्ये मी परदेशी जाणार होते, त्याचेही. पत्रांची प्रत मंडळाच्या फळ्यावर लावण्यासाठी मी कार्यवाहांकडे दिली आहे, कारण चूक तुमची होती हे जेथे बोलले गेले तेथेच ती नव्हती हे वाचले जावे. त्यांना ते आवडले नाही. लावतो म्हणाले.

पत्राला जोडलेला तक्ता सहा कुंड्यांचा आहे. पहिल्या पाच ओळी जुन्याच. सहावी मी आज, रेघेखालचा आकडा भिंगाने वाचून, पुन्हा लिहिली. रकाने तुमच्या ओळखीचे आहेत. एक रकाना मी वाढवला आहे, तोही येथे देते.

कुंडी सहावी. तळ: भेडीचा गाळ. कल्पना आणि नमुना: गणपत तांडेल. ११ मार्च १९७३, पहाटे ५.२०. तळाच्या पाण्यातला प्राणवायू, लिटरला मिलिग्रॅम: ०.४